सहा महिन्यांनंतरचा घास: छोट्या पोटात पुरेसं कसं बसवायचं

आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिलिलिटर मावतं. किलोमागे ३० मिलिलिटर, हा ढोबळ हिशोब. म्हणजे फार तर एक वाटी. आणि चूक होते ती बहुतेक वेळा या वाटीतच: वाटी भरलेली असते, पण पाण्यानं. बाळ पोटभर जेवतं, मान फिरवतं, आणि वजनाचा काटा मात्र जागचा हलत नाही. मग भूक वाढवायची औषधं शोधली जातात, पावडरीचे डबे घरात येतात. भूक ठीकच असते हो; अन्न पातळ असतं.

म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा दाटपणाला दिली आहे, त्याखालोखाल लोहाला.

सुरुवात कधी

सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवसांनी. तोपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा औषधं तेवढी चालतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस हीच आहे, आणि त्यापुढे दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त काळ अंगावरचं दूध चालू ठेवावं अशीही.

सहा महिन्यांच्या सुमारास दोन गोष्टी एकदम घडतात. दुधातून मिळणारी ऊर्जा कमी पडायला लागते, आणि जन्मताना शरीरात साठवलेलं लोह संपत येतं. त्याच सुमारास बाळ आधारानं बसतं, मान स्थिर धरतं, समोरचं उचलून तोंडाकडे नेतं, आणि चमचा जिभेला लागला की तो जिभेनं बाहेर ढकलण्याची जन्मजात प्रतिक्रिया ओसरते. पहिल्या दिवशी सगळं बाहेर आलं तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा द्या. ‘याला आवडत नाही’ म्हणून महिनाभर थांबू नका. तो महिना नेमका लोहाच्या तुटवड्याचा असतो.

चौथ्या महिन्यातच सुरू करण्याची घाईही नको. तेव्हा दिलेला प्रत्येक चमचा आईच्या दुधाची जागा खातो, आणि जुलाबाचा धोका वाढतो तो वेगळाच.

पहिले पंधरा दिवस

बाळ ताजंतवानं असेल, अर्धवट भुकेलं असेल अशी वेळ निवडा. भुकेनं रडणारं बाळ शिकायच्या मनःस्थितीत नसतं. त्याला आधी थोडं दूध द्या. बसवून भरवा, आडवं ठेवून कधीच नाही. पहिल्या दिवशी एक-दोन छोटे चमचे पुरेत. दोन-तीन दिवसांत दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा. चमच्याचं टोक खालच्या ओठावर टेकवा आणि बाळानं तोंड उघडायची वाट बघा. चमचा वरच्या हिरडीला पुसून अन्न आत सोडायची सवय मोठ्यांना असते. त्यानं वाटी लवकर रिकामी होते, पण बाळ ओठांनी अन्न ओढून घ्यायला शिकत नाही.

आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा आणि हळूहळू वाढवत एका वेळी अर्धी वाटी (२५० मिलिलिटरची वाटी धरून). नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा अर्धी वाटी, शिवाय मधल्या वेळी एखादं खाणं. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चार वेळा आणि मधलं खाणं एक-दोनदा. आकडे दिशा दाखवण्यासाठी आहेत. पोट भरलं की नाही हे बाळच सांगणार.

दाटपणाचं गणित

आईचं दूध नीट चालू असेल तर सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, आणि वर्षानंतर सुमारे ५५०. ऐकायला कमी वाटतं. आता एक भांडं करून बघू.

कोणतंही धान्य २० ग्रॅम आणि कोणतीही डाळ १० ग्रॅम, दोन्ही कोरडं मोजून. एवढ्यात साधारण १०५ कॅलरी असतात. त्यात २० ग्रॅम भाजी, नारिंगी किंवा हिरवी. हे सगळं पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा, पाणी आटू द्या, चमच्यानं घोटा आणि उतरवल्यावर एक छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर तेल किंवा तूप घाला. स्निग्धाच्या या एका चमच्यात ४५ कॅलरी आहेत. तयार अन्न भरेल सुमारे १५० ग्रॅम, आणि त्यात १५० कॅलरी. ग्रॅमला एक कॅलरी, म्हणजे झकास.

आता याच भांड्यात ‘गिळायला सोपं जावं’ म्हणून पाणी घालून ते ४०० ग्रॅम करा. बाळ आधीसारखंच १५० ग्रॅम खाईल, कारण पोट तेवढंच आहे. त्याला मिळतील ५५-६० कॅलरी. उरलेलं सिंकमध्ये जाईल आणि घरात चर्चा होईल की हल्ली खात नाही. डाळीवरचं नुसतं पाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप, फळांचा रस, हे सगळे याच जातीचे पदार्थ. आजारात बरे वाटतात, पण त्यांत वाढीचं सामान जवळपास नसतं. रस तर पहिल्या वर्षात नकोच.

मोजमापाची गरज नाही, चमचा पुरतो. अन्न चमच्यात घ्या आणि चमचा वाकडा करा. अन्न थबकून मग गोळ्यासारखं पडलं तर बरोबर. धार लागली तर पातळ. फारच घट्ट आणि चिकट होऊन बाळाला गिळता येत नसेल, तर पाण्याऐवजी आईचं दूध, दही किंवा थोडं जास्त स्निग्ध घालून सैल करा. पिठाची खळ निवली की आळते, हेही लक्षात असू द्या; गरम असताना दाट वाटावी म्हणून जास्त पीठ घातलं तर भरवायच्या वेळी ती लगदा झालेली असते.

मिक्सर बाजूला कधी ठेवायचा

लवकर. सुरुवातीला गुळगुळीत पण दाट घोटलेलं, सात-आठ महिन्यांत काट्यानं किंवा चमच्यानं कुस्करलेलं, त्यात मऊ गुठळ्या असलेलं. आठव्या महिन्याच्या आसपास हातात धरून खाता येईल असं काही: शिजवलेल्या गाजराची बोटभर पट्टी, पिकलेल्या केळ्याचा तुकडा, उकडलेल्या अंड्याची फोड. दोन बोटांत दाबल्यावर सहज चेपलं पाहिजे, हा मऊपणाचा निकष. वर्षाच्या सुमाराला घरात शिजतं तेच, मीठ-तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढलेलं.

दात नाहीत म्हणून थांबू नका, हिरड्या हे काम उत्तम करतात. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळ्यांशी ओळखच झाली नाही, तर पुढे दोन-तीन वर्षांची होऊनही मुलं तोंडात कण आला की ओकारी काढतात आणि चावायला कंटाळतात.

ओकारी आणि घशात अडकणं यांत गल्लत होते. ओकारीत बाळ लाल होतं, आवाज करतं, खोकतं, अन्न पुढे ढकलतं. हे संरक्षण आहे, तुम्ही शांत बसा. घशात अडकलं की आवाज जातो, रडणं आणि खोकणं बंद होतं, ओठ निळसर पडतात. वर्षाखालच्या बाळाला तेव्हा हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं ५ थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेनं ५ वेळा दाबा. हेच आलटूनपालटून, आणि कुणालातरी तातडीची मदत बोलवायला सांगा. बाळ बेशुद्ध पडलं तर थापा थांबवून कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि छाती दाबणं सुरू करायचं. दिसत नसताना घशात बोट घालू नका, तुकडा आणखी आत सरकतो. हे वाचून नव्हे, बाहुलीवर करून शिकायचं असतं. जवळपास प्रशिक्षण मिळत असेल तर एक दुपार त्यासाठी काढा.

अख्खे दाणे आणि सुकामेवा, लाह्या, कच्च्या गाजराचे तुकडे आणि कडक गोळ्या पाच वर्षांपर्यंत नकोत. द्राक्षं उभी चार भाग करून द्या. आडवी कापलेली गोलच राहतात आणि श्वासनलिकेत बुचासारखी बसतात.

लोह: सगळ्यात अवघड जागा

सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं, असा एक प्रचलित मानदंड आहे. आईच्या दुधात लिटरमागे जेमतेम ०.३५ मिलिग्रॅम असतं. ते छान शोषलं जातं, पण मुळात आहेच किती? राहिलेलं अन्नातूनच यायला हवं आणि ते एवढ्याशा पोटातून. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच लोहाचा पदार्थ ताटात हवा. महिनाभर फक्त फळांचा गर देत राहणं हे या वयात परवडणारं नाही.

मांस आणि मासे यांतलं लोह शरीर सहज उचलतं. डाळी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या यांतलं लोह नाठाळ असतं. त्याला सोबत लागते. क जीवनसत्त्व ही ती सोबत. घोटलेल्या डाळीवर शेवटी लिंबाचे चार थेंब, जेवणाबरोबर टोमॅटो किंवा पेरू. शिजवताना नव्हे, उतरवल्यावर, कारण उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. कडधान्यं भिजवून मोड आणल्यानं लोहाला अडकवून ठेवणारं फायटेट कमी होतं. चहा उलटं काम करतो. लहान मुलाला तो घोटभरही नको. पूर्ण शाकाहारी घरांत एवढं करूनही ११ मिलिग्रॅमचा पल्ला गाठणं कठीण असतं. तिथे लोहाचे थेंब किंवा लोहयुक्त तयार अन्न याबद्दल डॉक्टरांशी बोलावं, त्यात कमीपणा काही नाही. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर थेंब सहाव्या महिन्याच्या बरेच आधी सुरू होतात.

पूर्ण शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्वही बघावं लागतं. आईच्याच शरीरात ते कमी असेल तर दुधातूनही कमीच येतं. बाळ सुस्त होतं, हात थरथरतात, आलेली बसण्याची कला विसरतं. असं काही दिसलं की त्याच आठवड्यात तपासणी.

माती, खडू किंवा भिंतीचा पोपडा खाणारं मूल बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचं असतं. रागावून ती सवय जात नाही, लोह भरून निघालं की जाते.

आणि दूध. गाईचं दूध पहिल्या वर्षात मुख्य पेय म्हणून नको: लोह नगण्य, जे अन्नातून येतं त्याचं शोषण कमी करतं आणि बाळाच्या आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्राव घडवू शकतं. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. लिटरभर दूध पिणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाला सहाशेच्या वर कॅलरी दुधातूनच मिळतात. मग जेवायला भूक कुठून येणार? हे मूल गुबगुबीत दिसतं आणि फिकट असतं. यावर औषध म्हणजे दूध कमी करणं आणि बाटली काढून कप देणं. झोपताना तोंडात राहणारी बाटली पुढचे दातही किडवते.

अ‍ॅलर्जीची भीती

अंडं आणि शेंगदाणा वर्षभर लांब ठेवायचा सल्ला आता जुना झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ चाचणीत धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यानं त्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटली. द्यायचा मात्र दाणा नव्हे: बारीक कूट किंवा गुळगुळीत लोणी, पातळ करून घासात मिसळलेलं. नवा पदार्थ सकाळी, घरी, चमच्याच्या टोकावर द्या आणि दोन तास लक्ष ठेवा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा लागोपाठ उलट्या झाल्या तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास घरघरला तर थेट दवाखाना. काही झालं नाही तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, एकदा चाखवून सोडलं तर उपयोग नाही. बाळाला तीव्र इसब असेल तर सुरू करण्याआधी विचारून घ्या.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवण्यापुरताही नाही. त्यातले बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू घरच्या शिजवण्यानं मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्यात विष तयार करतात. मीठ पहिल्या वर्षी वरून घालू नका, साखर दोन वर्षांपर्यंत टाळा. तुम्हाला अळणी लागतं ते बाळाला अळणी लागत नाही, त्यानं खारट अजून चाखलेलंच नाही.

दुसरं वर्ष: ‘काही खातच नाही’

पहिल्या वर्षात मूल सुमारे सहा किलोंनी वाढतं, दुसऱ्यात जेमतेम अडीच. वेग इतका उतरला की भूकही उतरणारच. यात आजार नाही. आजार होतो तो जबरदस्तीनं: नाक दाबून, मोबाइल समोर धरून, मागे पळत भरवलेलं. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि भूक लागल्याचंही.

काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. बिस्किटाचा एक तुकडाही पुढच्या जेवणाची भूक मारतो. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवा, उरलेलं मुकाट्यानं उचला. नवी भाजी नाकारली तर तिची दोन-तीन दाण्यांएवढी फोड आवडीच्या पदार्थाशेजारी ठेवत राहा. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर अनेक मुलं ती तोंडात टाकतात. पालक मात्र तिसऱ्या वेळेलाच हार मानतात.

ताटात रोज काय आलं ते मोजायला आठ गट धरतात: आईचं दूध, धान्य व कंद, डाळी-दाणे, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाच्या नारिंगी-हिरव्या भाज्या व फळं, आणि बाकीची फळं-भाज्या. दिवसात किमान पाच गट यावेत.

आजारपणात

जुलाबात अन्न बंद करू नका. आईचं दूध चालू, ओआरएस प्रत्येक जुलाबानंतर, आणि झिंक डॉक्टरांच्या सल्ल्यानं १० ते १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. खाणं थोडं थोडं, वारंवार. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. घसरलेलं वजन तेव्हाच भरून येतं. शिजवलेलं अन्न खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि बाळाची उष्टी वाटी झाकून संध्याकाळसाठी राखू नका.

वजन मोजताना

नऊ महिन्यांनंतर बाळ महिन्याला साधारण सव्वादोनशे ग्रॅम वाढतं. ओला डायपर सहज शंभर ग्रॅमचा असतो आणि नुकतंच प्यायलेलं दूध तेवढंच. एवढ्यानं महिन्याची वाढ दिसेनाशी होते किंवा नसलेली दिसते. म्हणून तोच काटा, उघडं बाळ, भरवण्याआधी. लांबी दोन वर्षांपर्यंत झोपवून मोजा, दोघांनी मिळून: एकानं डोकं फळीला टेकवायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ दाबून टाचा लावायच्या. दोन वर्षांनंतर उभं करून. झोपवून घेतलेली लांबी उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, तेव्हा पद्धत बदलली त्या महिन्यात मूल खुजं झालं असं समजू नका. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून धरा.

वाढीच्या तक्त्यावर एका ठिपक्यावरून काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात मधल्या रेषेवर मुलगा वर्षाचा असताना ९.६ किलो आणि मुलगी ८.९ किलो असते. पण निम्मी निरोगी मुलं मध्याच्या खालीच असतात. खालच्या रेषेला धरून वर चढत जाणारं मूल ठीक आहे. वरच्या रेषेवरून दोन रेषा ओलांडून खाली आलेलं, किंवा लागोपाठ दोन महिने आडवं चाललेलं मूल दाखवायला हवं, भले ते अजूनही तक्त्याच्या मध्यावर का असेना.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात डाव्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर मोजा. १२.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर लवकर तपासणी. ११.५ च्या खाली, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अशा मुलाला घरी भराभर खायला घालणंही धोक्याचं असतं.